हम्फ्रीगंजला कुणी उतरत नाही

अंदमानला निघालेल्या मराठी माणसाचा कार्यक्रम घर सोडण्याआधीच ठरलेला असतो. पहिल्या दुपारी सेल्युलर जेल, तिसऱ्या मजल्यावर सावरकरांच्या कोठडीबाहेर रांग, आत गेल्यावर नमस्कार, कुणीतरी हमखास ‘भारत माता की’ म्हणतं आणि बाकीचे ‘जय’ म्हणतात. संध्याकाळी ध्वनिप्रकाशाचा खेळ. मग रॉस बेट, हॅवलॉक, राधानगरची पुळण, आणि परतताना शिंपल्यांच्या माळा. यात गैर काही नाही. मीही हाच कार्यक्रम घेऊन गेले होते आणि त्या कोठडीत माझेही हात आपसूक जोडले गेले.

पण सावरकरांचं नाव दिलेल्या विमानतळावर आपण उतरतो तेव्हाच एका वेगळ्या गोष्टीवर पाय पडलेला असतो. लांबा लाईनची ही धावपट्टी मुळात जपान्यांनी करवून घेतली, दुसऱ्या महायुद्धात, इथल्याच माणसांना वेठीला धरून. मार्च १९४२ ते ऑक्टोबर १९४५, साडेतीन वर्षं ही बेटं जपानच्या ताब्यात होती. पोर्ट ब्लेअरमध्ये (२०२४ पासून कागदोपत्री श्री विजय पुरम, रिक्षावाले अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतात) त्या वर्षांच्या खुणा जागोजागी दिसतात. कॉर्बिन्स कोव्हच्या किनारी रस्त्याला समुद्राकडे तोंड करून बसलेले काँक्रीटचे बंकर आहेत. रॉसच्या धक्क्यावर उतरलं की जवळच एक आहे. पोरं त्यांच्यावर चढून फोटो काढतात. बंकर म्हणजे नक्की कुणाचे, कुणाविरुद्ध, हे विचारलं तर ‘जापानी टाइम का’ एवढं उत्तर मिळतं.

जेलमध्ये आमचा वाटाड्या उत्तम बोलणारा होता. कोलू, नारळाचा काथ्या, जेलर बारीचा थाट, १९३३ आणि १९३७ ची उपोषणं, सगळं त्याने रंगवून सांगितलं. १९३८ साली राजबंद्यांना मुख्य भूमीवर परत पाठवलं, इथवर आला, आणि ‘उसके बाद नेताजी आए’ म्हणून थेट डिसेंबर १९४३ मध्ये पोचला. मधल्या काळात जेलला काय टाळं होतं? सात पाख्यांपैकी आज तीनच उभे आहेत. दोन जपानी अमदानीत पाडले गेले, दोन स्वातंत्र्यानंतर, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर गोविंद वल्लभ पंत रुग्णालय आलं. उरलेल्या कोठड्यांमध्ये १९४२ नंतर पुन्हा माणसं भरली गेली होती. इंग्रजांनी कोंडलेल्यांची नावं संगमरवरावर आहेत. जपान्यांनी कोंडलेल्यांविषयी विचारावं लागतं.

तर काय झालं होतं? १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं, ८ मार्चला रंगून. बंगालच्या उपसागरात ही बेटं उघडी पडली. इंग्रजांनी फौज हलवली, जमतील तेवढी माणसं जहाजात घातली आणि बाकीच्यांना वाऱ्यावर सोडलं. २३ मार्चला जपानी उतरले तेव्हा त्यांना एक गोळीही झाडावी लागली नाही. मागे राहिलेल्यांत बहुतेक ‘लोकल बॉर्न’, म्हणजे जन्मठेपेच्या कैद्यांची इथेच जन्मलेली मुलंनातवंडं: पंजाबी, बंगाली, मोपला, भांतू, तमिळ, अगदी सगळी. आजोबांना साखळदंडात आणणारा गोरा साहेब पळाला, याचं त्यांना वाईट वाटलं असेल असं म्हणवत नाही. नवे लोक तर आशिया आशियाईंचा म्हणत आले होते.

ती आशा दोन-चार दिवस टिकली. कोंबड्या पकडायला घरांत घुसणाऱ्या शिपायांवर झुल्फिकार अली नावाच्या तरुणाने एअरगन झाडली. कुणाला खरचटलंही नाही. तो मिळेपर्यंत शिपायांनी वस्तीत धुमाकूळ घातला, तो पुढे आला तेव्हा लोकांदेखत त्याचे हात पिरगाळून मोडले आणि मग गोळ्या घातल्या. पुढे मेजर बर्ड या इंग्रज अधिकाऱ्याचं मुंडकं असंच चारचौघांत तलवारीने उडवलं. कुणी काय करायचं नाही, हे पोर्ट ब्लेअरला एवढ्यात समजलं.

आता डॉक्टर दिवाणसिंगांविषयी. अबर्डीन बाजारात त्यांच्या नावाचा गुरुद्वारा आहे, आणि जेल पाहून झाल्यावर मी तिथे गेले. दिवाणसिंग मूळ सियालकोटकडचे, लष्करी वैद्यकीय खात्यातले डॉक्टर. इंग्रजांना न मानवणारी मतं होती म्हणून १९२७ मध्ये बदलीवर इथे पाठवले गेले. माणूस पंजाबीत कविता लिहायचा. १९३८ साली ‘वगदे पाणी’ हा संग्रह निघाला. लोक त्यांना ‘कालेपानी’ म्हणू लागले आणि त्यांनी ते नाव टोपणनावासारखं लावून घेतलं. त्यांनी गुरुद्वारा उभा करवला आणि तिथे मुलांची शाळा भरवली, सगळ्या धर्मांच्या. जपानी आले तेव्हा इंडियन इंडिपेंडन्स लीगच्या स्थानिक शाखेची धुरा त्यांच्याकडे आली. म्हणजे ज्या संघटनेच्या नावाने जपानी स्वतःला हिंदुस्थानचे मित्र म्हणवत होते, तिचाच हा प्रमुख.

त्यांनी मैत्रीचा अर्थ जरा जास्तच सरळ घेतला. वेठबिगारीविरुद्ध बोलले, बायकांवरच्या जुलमाविरुद्ध बोलले, आणि सैनिकांसाठी आणलेल्या बायकांना ठेवायला गुरुद्वारा हवा, अशी मागणी आली तेव्हा नाही म्हणाले. ऑक्टोबर १९४३ मध्ये त्यांना पकडून सेल्युलर जेलमध्ये टाकलं. ऐंशीहून जास्त दिवस छळ चालला. १४ जानेवारी १९४४ ला ते तिथेच गेले. आरोप होता हेरगिरीचा.

हा आरोप कुठून आला, ते समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघतं. जपानी जहाजं बुडत होती, कुणीतरी खबर देत होतं, आणि खबर देणारा खरोखरच होता. जानेवारी १९४३ मध्ये एका डच पाणबुडीतून डेनिस मॅकार्थी गुपचूप अंदमानच्या किनाऱ्यावर उतरला. तो युद्धापूर्वी इथलाच पोलीस अधिकारी, म्हणून वाटा-पायवाटा पाठ. बरोबर मोजकी माणसं आणि बिनतारी यंत्र. जंगलात दडून त्यांनी बंदरातल्या हालचाली टिपल्या, संदेश पाठवले आणि काम होताच निघून गेले. जपान्यांच्या हाती ते लागले नाहीत. हाती होते ते पोर्ट ब्लेअरचे कारकून, शिक्षक, पोलीस, डॉक्टर, दुकानदार. मार्च १९४३ मध्ये सात जणांना गोळ्या घातल्या. मग वर्षअखेरीपासून धरपकडीची मोठी लाट आली, आणि या वेळी पकडलेले बहुतेक लीगचे कार्यकर्ते होते. पाण्यात बुडवणं, उलटं टांगणं, चटके देणं, असं करून जबान्या घेतल्या गेल्या. माणूस सुटण्यासाठी जे नाव घेईल, तो पुढचा हेर.

आणि याच दिवसांत, २९ डिसेंबर १९४३ ला, नेताजी आले.

इथे लिहिताना हात अडखळतो, कारण नेताजींविषयी वेडंवाकडं ऐकायची आपल्याला सवय नाही, आणि मला ते लिहायचंही नाही. ३० डिसेंबरला जिमखाना मैदानावर त्यांनी तिरंगा फडकवला. बेटांना शहीद आणि स्वराज ही नावं त्यांनीच सुचवली, आणि २०१८ मध्ये ती नावं नील आणि हॅवलॉक बेटांना मिळाली. त्या मैदानावरच्या क्षणाचं मोल कमी करायचं काहीच कारण नाही. पण ते ध्वज फडकवत होते तेव्हा तिथून पायी जाता येईल इतक्या अंतरावर दिवाणसिंग कोठडीत होते. जपान्यांनी नेताजींभोवती असं कडं केलं होतं की लोकांना त्यांच्याजवळ जाऊन काही सांगता आलं नाही. ते जेलही पाहून गेले; कैद्यांनी भरलेल्या बाजूला मात्र त्यांना नेलं नाही, असं त्या पिढीतले लोक सांगून गेले आहेत. फेब्रुवारी १९४४ मध्ये आझाद हिंद सरकारचे कर्नल लोगनाथन मुख्य आयुक्त म्हणून आले. त्यांच्या हाती शिक्षण खात्यापलीकडे फारसं काही लागलं नाही. बंदर, पोलीस आणि जेल जपान्यांनी स्वतःकडेच ठेवले.

लोगनाथन यायच्या आत हम्फ्रीगंज होऊन गेलं होतं. ३० जानेवारी १९४४. जेलमधून चव्वेचाळीस जणांना ट्रकमध्ये घालून शहराबाहेर नेलं आणि चराशी उभं करून गोळ्या घातल्या.

वंडूरच्या समुद्री उद्यानाकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव लागतं. पर्यटकांच्या गाड्या रोज तिथून जातात, थांबत नाहीत. मी चालकाला सांगितलं तेव्हा त्याने आधी आरशातून माझ्याकडे पाहिलं. “मॅडम, वहाँ तो कोई उतरता नहीं. कोई है क्या आपका?” कुणी नाही, म्हटलं, बघायचं आहे. तो पन्नाशीचा, ‘प्री-फॉर्टी-टू’ घरातला. इथे १९४२ पूर्वीपासूनच्या कुटुंबांना असंच म्हणतात, सरकारी वर्गवारीतही तोच शब्द आहे. मग त्याने गाडी सुपारीच्या बागांच्या कडेला घेतली आणि स्वतःही उतरला.

स्मारकाला बलिदान वेदी म्हणतात. साधंच आहे. ज्यांना भव्यता लागते त्यांनी सेल्युलर जेलच पाहावी. मी नावं वाचत गेले. शीख, हिंदू, मुसलमान, सगळी एकाखाली एक. आडनावांवरून आणि हुद्द्यांवरून माणूस डोळ्यांपुढे येतो, आणि त्यांतला एकही सैनिक वाटत नाही. पावसाळा नुकता सरला होता. वेदीच्या पायरीवर मुठीएवढी एक गोगलगाय चालली होती, तपकिरी पट्ट्यांच्या शंखाची, मागे चकचकीत रेघ सोडत. चालकाने ती पायाने बाजूला सारली. “ये भी जापानी लोग का है.” अंदमानात ही आफ्रिकी गोगलगाय जपान्यांच्या काळात आली, त्यांनी खाण्यासाठी आणली, असं सांगतात. युद्ध संपलं, जपानी गेले, आणि ती अजून बेटांवरच्या भाजीपाल्याचा फडशा पाडते. त्याच्या बायकोने लावलेली पपईची रोपं गेल्याच महिन्यात तिने साफ केली होती. त्याबद्दल तो चव्वेचाळीस जणांपेक्षा जास्त वेळ बोलला, आणि का बोलू नये?

मग परतीच्या वाटेवर, मी न विचारता, घरातलं सांगू लागला. त्याच्या आजीच्या आठवणीत गोळ्या-बंदुका नव्हत्याच. भूक होती. दोस्तांच्या नौदलाने समुद्र बंद केला तसा तांदूळ येईनासा झाला. आहे तो फौजेला. लोकांनी रताळी आणि टॅपिओका खाऊन दिवस काढले. त्याची आजी म्हातारपणी सुद्धा ताटात रताळं वाढू द्यायची नाही. ती का चिडते, हे घरातल्या मुलांना बरीच वर्षं कळलं नव्हतं.

संध्याकाळी हॉटेलात आमच्या गटातल्या काकांना मी कुठे गेले होते ते सांगितलं. काका निवृत्त मुख्याध्यापक, सोलापूरचे, वाचन दांडगं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “अहो ताई, पण जपान तर आपल्या बाजूने होता ना?” हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. आपल्या डोक्यात तो काळ दोनच रंगांत आहे: इंग्रज वाईट, त्यांच्याविरुद्ध लढणारा चांगला. शत्रूचा शत्रू म्हणजे मित्र, हे राजकारणात ठीक असेल. चराशी उभ्या असलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग? अंदमानची ही साडेतीन वर्षं त्या हिशेबात कुठेच बसत नाहीत. इंग्रजांच्या जुलमाच्या कथेत ती खपत नाहीत, आझाद हिंदच्या गौरवकथेला गालबोट लावतात. म्हणून वाटाड्या ती वगळतो. त्याला दोष का द्यावा? तो गिऱ्हाइकाला हवं तेच सांगतो, आणि गिऱ्हाईक आपण.

काकांना मी जे म्हटलं ते इथेही म्हणते. शरणागतीपूर्वी जपान्यांनी आपली दप्तरं जाळली. त्यामुळे या माणसांवर काय आरोप ठेवले, कुणी ठेवले, जबान्या कशा घेतल्या, याचे कागद शोधायला गेलं तर हाती राख लागते. उरतो तो आरोप. मारणाऱ्यांनी त्यांना हेर म्हटलं होतं. खरा हेर पाणबुडीत बसून सुखरूप परत गेला होता आणि पुढे शौर्याच्या गोष्टीतला नायक झाला. चव्वेचाळीस जणांना निर्दोष ठरवणारा खटला कधी चाललाच नाही. त्यांच्या बाजूने साक्ष द्यायला आहेत ते फक्त नातू-पणतू, त्या काळातून वाचलेल्यांनी लिहून ठेवलेल्या थोड्या आठवणी आणि रस्त्याकडेची ती वेदी. नातवंडांनी हे सोडून दिलं तर छळ करणाऱ्याचं म्हणणं तेवढं इतिहास म्हणून शिल्लक राहील. दुखरी आठवण कशाला उकरायची, झालं गेलं गंगेला मिळालं, असं म्हणणारे भेटतात. गंगेला मिळायला आधी अस्थी तरी हाती याव्या लागतात.

कार निकोबारचं उदाहरण याच्या उलटं आहे. १९४५ मध्ये तिथेही विमानांना इशारे केल्याच्या संशयावरून निकोबारी लोकांना पकडलं, छळलं, मारलं. पण तिथली गोष्ट जगापुढे आली, कारण ती सांगायला जॉन रिचर्डसन जिवंत राहिले. मिशन शाळेतला हा निकोबारी शिक्षक-पाद्री, मृत्यूच्या दारातून परतला. सिंगापूरला १९४६ मध्ये युद्धगुन्ह्यांचा खटला उभा राहिला, जपानी अधिकाऱ्यांना शिक्षा झाल्या. रिचर्डसन पुढे बिशप झाले, आणि १९५२ च्या पहिल्या लोकसभेत अंदमान-निकोबारचे नियुक्त खासदार. एक साक्षीदार बोलू शकला म्हणून एवढा फरक पडला. मात्र निकोबारला परवान्याशिवाय जाता येत नाही, तेव्हा ती गोष्ट पर्यटकाला पोर्ट ब्लेअरमध्येच ऐकावी लागते.

हॅवलॉकला जाता येतं. जातातच सगळे. राधानगरच्या वाळूसारखी वाळू मी दुसरीकडे पाहिली नाही, आणि नव्याने लग्न झालेली मराठी जोडपी तिथे इतकी भेटतात की पुण्याच्या एखाद्या बागेत आल्यासारखं वाटावं. ऑगस्ट १९४५ मध्ये, हिरोशिमाच्याच महिन्यात, अन्न पुरेना म्हणून जपान्यांनी शेकडो लोकांना बोटींत भरलं. नव्या बेटावर शेती करायला नेतो, असं सांगितलं होतं. हॅवलॉकच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर त्यांना रात्रीच्या काळोखात पाण्यात ढकललं. बरेच बुडाले. जे पोहत किनाऱ्याला लागले त्यांना त्या निर्जन बेटावर खायला काही नव्हतं. इंग्रजी जहाज पोचलं तेव्हा सांगायला जिवंत राहिलेले बोटांवर मोजण्याइतकेच होते. ऑक्टोबरमध्ये जिमखाना मैदानावर, म्हणजे नेताजींनी ध्वज लावला त्याच मैदानावर, व्हाइस ॲडमिरल हारा यांनी ब्रिगेडियर सॉलोमन्सपुढे शरणागती पत्करली. हॅवलॉकचे लोक तो दिवस पाहायला दोन महिने कमी पडले.

काकांनी ऐकून घेतलं. आपल्या मतावरून ते फारसे हलले असं मला वाटलं नाही. नेताजींच्या भेटीविषयी मी जे म्हटलं ते त्यांना रुचलं नव्हतं आणि त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी न्याहारीला आले ते कागद-पेन घेऊन, आणि दिवाणसिंगांचं नाव नीट लिहून घेतलं. गुरुद्वारा किती वाजेपर्यंत उघडा असतो, हेही विचारलं.

जाणार असाल तर दोन व्यवहाराच्या गोष्टी. सहलीच्या ठरलेल्या कार्यक्रमात हम्फ्रीगंज सहसा नसतं, पण वंडूर असतं. तेव्हा वंडूरच्या दिवशी निघतानाच चालकाला सांगून ठेवावं, वाटेत गाडी थांबवायला त्याची ना नसते. अर्धा तास पुरतो. जानेवारीच्या अखेरीला गेलात तर ३० तारीख साधावी. देशभर त्या दिवशी गांधीजींसाठी मौन पाळतात. इथे त्याच दिवशी प्री-फॉर्टी-टू घरांतले लोक वेदीवर जमतात, हार वाहतात, आणि नावं वाचली जातात. बाहेरून आलेल्याला कुणी हटकत नाही. विचारलं तर सांगतातही, फक्त विचारावं लागतं.